माझे हात आणि गाडीचा एक्सल

आमच्या गल्लीत मला पिकअप अक्का म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि मला ते आवडतं. माझे मिस्टर आचारी आहेत. लग्न, मुंज, बारसं, जिथं बोलावणं येईल तिथं जाऊन पंगतीचा स्वयंपाक करतात. त्यांची पातेली, कढया, शेगड्या छत्रापर्यंत पोचवायचं काम माझं. छत्र म्हणजे इथलं मंगल कार्यालय. लग्नानंतर माझ्या वडिलांनी जावयाला गाडी शिकवायचा खूप प्रयत्न केला, पण यांचं लक्ष रस्त्यापेक्षा रस्त्याकडेच्या भाजीवर. ताजी वांगी दिसली की पाय आपोआप ब्रेकवर. शेवटी वडिलांनी हात टेकले आणि मागं बसलेल्या मला म्हणाले, तू बस गं पुढं. तेव्हापासून मीच बसले आहे.

माझं माहेर बंगळुरातलंच, कित्येक पिढ्यांचं, त्यामुळे आमच्या मराठीत कन्नड मुरलेलं. मिस्टर बेळगावकडचे. मुलगा मारतहळ्ळीला राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे, आणि त्याची निम्मी मराठी इंग्रजीत असते. आम्ही तिघं जेवायला बसलो की ताटाभोवती तीन तऱ्हेची मराठी ऐकू येते. भांडताना मात्र तिघांचंही तिघांना नीट कळतं. आणि त्या वर्षी श्रावणापासून दसऱ्यापर्यंत आम्ही भांडतच होतो.

सुरुवात झाली के. आर. पुरमला. तिथल्या एका छत्रातलं जेवण उरकून आम्ही दुपारी परत निघालो होतो. मागं रिकामी पातेली, शेजारी मिस्टर. त्यांनी पहाटेपासून चुलीपुढं उभं राहून काढलेलं, त्यामुळे ते बसल्याबसल्या घोरायला लागले होते. पुलाखाली नेहमीसारखी गर्दी तुंबलेली. वेग म्हणाल तर पिशवी घेऊन चाललेली एक बाई आम्हाला मागं टाकून पुढं गेली. तेवढ्यात माझ्या उजव्या हाताच्या पाण्याच्या टँकरला घाई झाली आणि तो डावीकडं घुसला. त्याचं मागचं चाक माझ्या मागच्या चाकाला भिडलं आणि माझ्या गाडीची मागची बाजू हळूच, अगदी ढकलगाडी ढकलावी तशी, डावीकडं सरकली. डावं चाक फुटपाथच्या दगडावर जाऊन बसलं. खालून एक आवाज आला. मोठा नव्हता, पण मला आवडला नाही.

मी खाली उतरले. माझा राग नाकावर असतो हे मी लपवत नाही. टँकरवाल्याला मी कन्नडमध्ये असं काही सुनावलं की शेजारच्या रिक्षावाल्यानं आपलं इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. टँकरवाला एकच म्हणत राहिला, “एनू आगिल्ला अक्का, नोडी!” काही झालेलं नाही, बघा. मग सगळ्यांनी मिळून बघितलं. रिक्षावाल्यानं बघितलं, बसमधून उतरलेल्या दोघांनी बघितलं, मी बघितलं. पत्र्यावर ओरखडा नाही, दिवा फुटलेला नाही, रंग गेलेला नाही. चाकाला चाक लागलं होतं, रबराला रबर. आमच्याकडं गाडीला काही झालं की नाही ते पत्र्यावरून ठरतं. पत्रा शाबूत तर गाडी शाबूत, असा सगळ्यांचा हिशेब, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझाही तोच होता. खाली वाकून कुणी बघितलं नाही. मिस्टर तर जागेच झाले नव्हते. ते उठले तेव्हा आम्ही घराजवळ आलो होतो आणि त्यांनी विचारलं, “पोचलो की काय?”

दुसऱ्या दिवसापासून गाडी मला पटेना. स्टिअरिंग उजवीकडं ओढायचं. सरळ जायचं असेल तर मला ते थोडं डावीकडं धरून ठेवावं लागे. चिकपेटला पत्रावळी आणि द्रोण आणायला गेले, तर जिथून मी वर्षानुवर्षं डोळे मिटून गाडी काढते त्या कोपऱ्यावर मागची डावी बाजू एका कापडाच्या दुकानाच्या पायरीला घासली. दुकानदार मला ओळखतो. तो नुसता बघत राहिला, आणि ते बघणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

मी गाडी आमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये नेली. “स्टिअरिंग उजवीकडं ओढतंय,” असं सांगितलं. गॅरेजवाल्यानं ऐकलं ते बरोबर केलं. पुढची चाकं मशीनवर लावली, स्वल्प इकडं, स्वल्प तिकडं करून दिली, म्हणाला, “अक्का, आता लोण्यासारखी चालेल.” दोन दिवस मला तसं वाटलंही. मग पुन्हा तेच. मी पुन्हा गेले. त्यानं पुन्हा पुढची चाकं बघितली आणि या वेळी हात पुसत पुसत विचारलं, “अक्का, चष्म्याचा नंबर कधी बघितला होतात?”

मी त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खरा घोळ झाला तो मारतहळ्ळीला. मुलाच्या सोसायटीत गणपती बसला होता आणि शेवटच्या दिवशीचं जेवण आमच्याकडं होतं. मुलानं मोठ्या अभिमानानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की स्वयंपाक बाबांचा आणि गाडी आईची. मी फाटकातून आत वळले. पुढचं तोंड अगदी बरोबर घातलं, दोन्ही बाजूंना हात हात जागा. आणि मागून धडाधड आवाज. फाटकाच्या डाव्या हाताला ओळीनं मांडलेल्या कुंड्या माझ्या गाडीच्या मागच्या अंगानं आडव्या केल्या होत्या. त्यांच्या शेजारी वॉचमनची खुर्ची होती. वॉचमन नशिबानं तिच्यात नव्हता. तो माझ्यासाठी फाटक धरून उभा होता. वरच्या गॅलऱ्यांमधून लोक वाकून बघत होते, दोघातिघांच्या हातात मोबाईल होते. मुलगा धावत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो मातीतली एक तुळस उचलून हातात धरून उभा राहिला आणि माझ्याकडं बघेना.

जेवण उत्तम झालं. मिस्टरांच्या बिसीबेळेभाताला लोक दुसऱ्यांदा रांगेत आले. मी मात्र जेवलेच नाही.

त्यानंतरच्या रविवारी मुलगा घरी आला आणि जेवण झाल्यावर पाणी पिऊन म्हणाला, “आई, आता बस. प्लीज. इनफ झालं.”

“काय झालं?”

“तुझं ड्रायव्हिंग. आज कुंडी होती, उद्या कुणाचं मूल असेल. मी ऑफिसमध्ये बसून फोन वाजला की दचकतो.”

“गाडीत काहीतरी आहे. मी सांगते ना.”

“गॅरेजवाल्यानं दोनदा चेक केली. गाडी ओके आहे. मग राहिलं कोण?”

मिस्टर ताटातल्या ताकाकडं बघत होते. मी त्यांना म्हटलं, “तुम्ही तरी बोला, टँकर लागला होता ना?” ते बिचारे प्रामाणिक. “मी झोपलेलो होतो की गं,” म्हणाले. “लागला असणार. तू म्हणतीस म्हंजे लागलाच असणार.” असल्या साक्षीदाराचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

मुलानं गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. होसकोटेकडचा एक भाजीवाला पिकअप घ्यायला तयार होता. दसरा झाला की येऊन घेऊन जाणार. पातेली न्यायला भाड्याची गाडी सांगता येईल, मी घरी आराम करावा, असं सगळं ठरवून तो आला होता. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, हे मला मान्य केलं पाहिजे. तो घाबरला होता. घाबरलेल्या माणसाशी भांडणं अवघड असतं, कारण त्याचं चुकत असलं तरी ते प्रेमानं चुकत असतं. मी फक्त एवढंच म्हटलं, “दसरा होऊ दे.”

मी सहजासहजी स्वतःवर शंका घेणारी बाई नाही. पण त्या दिवसांत घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, तुमच्या वयाला इतके चांगले डोळे कमी बघायला मिळतात. मग मी हात तपासायला लागले. वाटी काठोकाठ तेलानं भरायची आणि स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत न्यायची. एक थेंब सांडत नव्हता. तरी आयुष्यात पहिल्यांदा मी वळणावर हॉर्न वाजवायला लागले, उगाचच, आपण इथं आहोत हे जगाला सांगायला. मला भीती वाटत होती. गाडी जाईल याची नव्हे, गाड्या येतात जातात. हे हात, ज्यांच्याकडं मी कधी लक्षसुद्धा दिलं नव्हतं, ते मला न सांगता सोडून गेले असतील याची. एका दुपारी मी मिस्टरांना म्हटलं, “खरंच माझंच काही झालं असेल का हो?” ते कांदा चिरत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, “तुझ्या शेजारी मी झोपतोय ते विश्वास असल्याबिगर झोपतोय काय?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कांद्याचं असेल. मी विचारलं नाही.

मग आली खंडेनवमी. आमच्या घरात खंडेनवमी म्हणतात, गल्लीत आयुधपूजा. त्या दिवशी आख्खं बंगळूर आपापल्या हत्यारांना आंघोळ घालतं. शिंप्याचं मशीन, न्हाव्याची कात्री, ऑफिसातले संगणक, सगळ्यांना फुलं आणि कुंकू. रिक्षांना केळीचे खांब बांधतात आणि त्या आठ दिवस हलत्या बागेसारख्या फिरतात. मिस्टर झारे आणि सुऱ्या घासून देवापुढं मांडतात. आणि एकदा देवापुढं मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही. त्या दिवशी आमच्याकडं भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरलेली असते.

सकाळी मी पिकअप धुतली. मनात म्हणत होते, ही शेवटची आंघोळ. म्हणून नेहमीपेक्षा जास्त पाणी घातलं. खालून, बाजूनं, चाकांच्या आतून सगळं धुतलं. मग पूजेसाठी गाडी फाटकातून बाहेर काढून गल्लीत सरळ उभी केली आणि बादली उचलायला मागं आले. तिथंच थांबले.

गल्लीचं काँक्रीट कोरडं होतं आणि त्यावर माझ्या चाकांचे ओले पट्टे उमटले होते. गाडी सरळ चालते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागं मागं जातं. पट्टा एकच दिसतो. माझ्या गाडीचे पट्टे एकावर एक नव्हते. मागच्या चाकाचा ठसा पुढच्या ठशावरून डावीकडं घसरला होता. डाव्या बाजूलाही तसाच, उजव्या बाजूलाही तसाच. गाडीचं तोंड एकीकडं आणि अंग दुसरीकडं चाललं होतं.

मी तिथं उभी राहून मोठ्यांदा हसले. समोरच्या घरातल्या अक्का रांगोळी घालता घालता वर बघायला लागल्या. माझं पुढचं तोंड फाटकातून बरोबर जात होतं आणि शेपूट कुंड्यांवर जात होतं, कारण शेपूट माझ्या मागं येतच नव्हतं! मी धावत आत गेले, मिस्टरांना हाताला धरून बाहेर आणलं. पण नवरात्रातलं ऊन ते. आम्ही येईपर्यंत पट्टे सुकून निम्मे झाले होते. मिस्टरांनी मान वाकडी करून बघितलं. “मला तर दिसतंय की,” म्हणाले. पण ते माझे मिस्टर. मुलगा पूजेला यायचा होता आणि तो येईपर्यंत तिथं नुसतं कोरडं काँक्रीट राहिलं असतं. पुन्हा पाणी टाकून दाखवलं असतं तर म्हणाला असता, आई, पाणी काय कुठंही पसरतं.

मी स्वयंपाकघरात गेले. एका पातेल्यात कुंकू कालवलं, दुसऱ्यात हळद, दोन्ही चांगली दाट, अंगाला लावतात तशी. मिस्टर दारात उभे राहून म्हणाले, “गाडीचं लगीन लावतीस काय?”

“लावते,” म्हटलं. “तुम्ही कोहळा आणि लिंबं घ्या.”

मुलगा आला तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं जमली होती. गॅरेजवालाही आला होता, आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, कपाळाला कुंकू. सगळ्यांदेखत मी गाडीला हार घातला, ओवाळलं, आणि मग खाली बसून पुढच्या दोन्ही चाकांना जमिनीपर्यंत कुंकू माखलं, मागच्या दोन्ही चाकांना हळद. गाडी हातभर पुढं घेऊन राहिलेला भागही माखला. समोरच्या अक्कांनी विचारलं, ही पद्धत कुठली? मी म्हटलं, आमची. त्यांनी मान डोलावली. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या मुलाच्या कारला तसंच हळदीकुंकू लावलं आणि अजूनही लावतात. मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

गाडीत बसले. मुलाला म्हटलं, “तू मागून बघ.” चाकाखालची लिंबं फुटली, मिस्टरांनी पुढं कोहळा फोडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी गाडी सरळ, अगदी सरळ, चार घरं पुढं नेली. उतरून मागं चालत आले. रस्त्यावर लाल पट्टा आणि त्याच्या डाव्या अंगाला पिवळा पट्टा, चार बोटं बाहेर. एका बाजूला तसा, दुसऱ्या बाजूलाही तसा.

मुलगा वाकून बघत होता. बराच वेळ. मग म्हणाला, “तू स्टिअरिंग फिरवलं असशील.”

“मग तू बस.”

“मी?”

“तुला शिकवलं कुणी? याच गाडीवर शिकलास ना? बस.”

मी परत हळद-कुंकू लावलं. तो गाडीत बसला. हल्ली त्याच्या कारमध्ये गिअरसुद्धा आपोआप पडतात, त्यामुळे पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. गल्ली हसली. दुसऱ्यांदा गाडी निघाली आणि चार हात गेली नाही तोच उजवीकडं वळली आणि थेट समोरच्या अक्कांच्या रांगोळीवर चढली. अक्का ओरडल्या. त्यानं घाईनं स्टिअरिंग डावीकडं ओढलं, सरळ केलं, आणि मी बाहेरून बघत होते, त्याचे दोन्ही हात डावीकडं धरून ताठ झाले होते. माझे होतात तसेच. तो पुढं जाऊन थांबला, पण लगेच उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मी खिडकीपाशी गेले.

“ओढतंय,” तो हळूच म्हणाला.

“किती दिवस सांगतेय?”

“आई, सॉरी.”

मला वाटलं होतं की हे ऐकल्यावर मला विजय मिळाल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. मी खिडकीतून आत हात घालून स्टिअरिंगवर ठेवले. हात माझे होते. माझेच होते, जागेवर होते. इतकंच मनात येत राहिलं.

गॅरेजवाल्याला मी बोलावलं. म्हटलं, “तुम्ही दोनदा पुढून बघितलंत, आता मागून बघा.” तो धर्मसंकटात पडला. त्याचे सगळे पाने देवापुढं मांडलेले, त्यांना आज हात लावायचा नाही. पण डोळे काही देवापुढं मांडलेले नव्हते. त्यानं पांढरा शर्ट काढून मिस्टरांच्या हातात दिला, बनियनवर रस्त्यावर पाठ टेकली आणि मोबाईलचा दिवा लावून गाडीखाली शिरला. दोन्ही हात छातीशी घट्ट धरून, चुकून कशाला लागू नयेत म्हणून. आतून त्याचा आवाज आला. मागची दोन चाकं जोडणाऱ्या एक्सलला स्प्रिंगच्या पाट्यांशी जखडून ठेवणारा डावीकडचा बोल्ट तुटला होता. त्यामुळे एक्सलचं डावं टोक मागं सरकलं होतं. शिवाय एक्सलची नळी त्या टोकाला वाकलेली दिसत होती आणि चाकाच्या आत तेल झिरपलं होतं.

बाहेर आल्यावर तो अंग झटकत म्हणाला, “दगडाला बसलं होतं का कुठं? हळूच?”

“हळूच,” मी म्हटलं.

“अक्का, जोरात बसलं असतं तर पत्रा फाटला असता आणि मी लगेच खाली बघितलं असतं. तुम्ही स्टिअरिंग म्हणालात, मी स्टिअरिंग बघितलं.”

“आणि चष्मा?”

तो लाजला. मिस्टरांनी त्याच्या हातात चुरमुऱ्यांचा पुडा ठेवला आणि विषय बदलला. माझ्या मिस्टरांना माणसं तोडणं जमत नाही, म्हणून त्यांच्या वाटचं ते काम मला करावं लागतं.

दसऱ्याची पूजा उतरली तसा गॅरेजवाल्यानं पहिला पाना उचलला तो माझ्या गाडीसाठी. एक्सलची नळी बदलावी लागली, पाटे उघडून नवे बोल्ट घातले. तो खाली काम करत होता तेव्हा मुलगा माझ्याशेजारी गॅरेजच्या बाकावर बसला होता. भाजीवाल्याचा फोन आला. मुलगा फोन घेऊन उठायला लागला, मी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. म्हटलं, इथंच बोल. तो बोलला. “गाडी विकायची नाही,” म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारणं झालं असावं. तो म्हणाला, “नाही, नाही, भावाचा प्रश्न नाही. गाडीला ड्रायव्हर आहे.”

गाडी मिळाल्यानंतरची पहिली खेप पुन्हा के. आर. पुरमची होती. मिस्टर आदल्या दिवशीच मदतनीसांबरोबर पुढं गेले होते. मुलगा म्हणाला, मी येतो. सुट्टी काढून आला होता. मी विचारलं नाही की सोबतीला की पाळतीला. सकाळची वेळ होती, मागं पातेली वाजत होती आणि स्टिअरिंग हातात असं बसलं होतं की मला गावं वाटत होतं. मला गाता येत नाही, म्हणून मी पुढच्या स्कूटरवाल्याला शिव्या दिल्या.

पुलाखाली गर्दी तुंबली होती. आम्ही थांबलो. मुलगा समोर बघत म्हणाला, “आई, रागावू नको. एक विचारू?”

“विचार.”

“या वेळी एक्सल होता. पण कधीतरी खरंच तुझे हात असतील. डोळे असतील. तेव्हा?”

मला राग यायला हवा होता. आला नाही. कुंड्या पडल्या त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्याही मनात होता, आणि तो त्यानं शत्रूसारखा विचारला नव्हता.

“त्या दिवशी किल्ली मी स्वतः तुझ्या हातात देईन,” म्हटलं. “तू मागायला यायचं नाही.”

“पण तुला कळेल?”

“या वेळी काहीतरी वाकडं झालंय हे पहिल्यांदा कुणाला कळलं?”

पुढची बस हलली, मी गाडी थोडी पुढं घेतली, पुन्हा थांबलो. उजव्या हाताला एक टँकर येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या पाइपातलं पाणी आमच्या काचेवर उडत होतं.

“तुला,” मुलगा म्हणाला.

“पुढचंही मलाच कळेल.”

मग माझ्या माहेरची माणसं म्हणतात तसं, त्याच्या त्या इंग्रजी मराठीत कधीही न येणारं, म्हणाला, “सरी.” म्हणजे बरं, ठीक आहे.

माझे डोळे भरून आले. समोरची बस निघाली, मागून हॉर्न वाजायला लागले, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. त्या भरलेल्या डोळ्यांनी मी गाडी टँकर आणि फुटपाथ यांच्या मधून काढली, दोन्हीकडं सारखी जागा सोडून.